पानापानावर दोन तपास: प्रोफायलरची ख्रिस्ती सस्पेन्स कादंबरी कशी वाचावी

ज्यांची नायिका प्रोफायलर असते, म्हणजे गुन्ह्याच्या खुणांवरून गुन्हेगार कसा माणूस असेल याचा अंदाज बांधते, आणि कथेत ख्रिस्ती श्रद्धेलाही तितकीच जागा असते, अशा सस्पेन्स कादंबऱ्यांचे वाचक बहुतेक दोन तऱ्हेचे असतात. काहीजण प्रार्थनेचं पान आलं की भराभर पुढे जातात आणि मृतदेह सापडला की सावरून बसतात. काहीजण नेमकं उलटं करतात. दोघांचंही अर्धं पुस्तक वाचायचं राहून जातं. मी बरीच वर्षं पहिल्या तऱ्हेचा वाचक होतो. मग एका कादंबरीत शेवटी खुनी कळला, मी मागे जाऊन शोधलं आणि त्याची ओळख पटवणारं वाक्य मी गाळलेल्या प्रार्थनासभेतच सापडलं. सगळे मान खाली घालून उभे असताना नायिका क्षणभर डोळे उघडते, आणि समोरचा एक माणूस खोलीतली डोकी मोजत असतो. लेखिकेने ते अगदी उघड्यावर ठेवलं होतं.

त्या दिवसापासून मी या कादंबऱ्या वही घेऊन वाचतो. प्रोफायलर विचारतो, हा माणूस असा का वागला? श्रद्धा विचारते, असं वागलेल्या माणसाचं आता काय करायचं? चांगल्या कादंबरीत हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाभोवती फिरतात, म्हणून दोन्ही तपास एकदमच चालवावे लागतात. ते कसे, हे पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी: पुस्तक कुठून आलंय ते बघा

या कादंबऱ्या मुख्यतः अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट, त्यातही इव्हँजेलिकल (बायबल आणि वैयक्तिक श्रद्धेवर भर देणाऱ्या) वाचकवर्गासाठी लिहिल्या जातात. बेथनी हाउस, रेव्हेल, टिंडेल, थॉमस नेल्सन, झाँडरव्हन ही प्रकाशनं त्यासाठी ओळखली जातात, आणि ख्रिस्ती कादंबऱ्यांना तिथे २००० सालापासून ख्रिस्टी नावाचा पुरस्कारही दिला जातो. या बाजाराचे संकेत ठरलेले आहेत. शिव्या नसतात, शरीरसंबंधांचं वर्णन नसतं, रक्तपात बहुधा बंद दाराआड होतो. नेहमीच्या गुन्हेकथा वाचणाऱ्याला हे सुरुवातीला सौम्य वाटेल. पण घाव दाखवायची मुभा नसली की लेखकाला भीती दुसरीकडून आणावी लागते: दोन दिवस न उघडलेली टपालपेटी, फोन उचलून कुणीच न बोलणं, घरी परतलेल्या माणसाने दिवा न लावता उभं राहणं. अशा जागा हेरायची सवय लावा. या लेखकांचं खरं कसब तिथेच दिसतं.

पुस्तक मालिकेतलं असेल तर पहिल्यापासूनच सुरू करा. प्रत्येक भागातला खटला वेगळा असला, तरी नायिकेचा भूतकाळ भागागणिक उलगडतो, आणि तिसऱ्या भागातलं एखादं सहज वाक्य पहिल्या भागाचं सगळं रहस्य फोडून मोकळं होतं.

श्रद्धेच्या भाषेतले चार शब्दही आधी पक्के करा. पाळक म्हणजे मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, आध्यात्मिक जबाबदारी असलेला माणूस. तारण म्हणजे पापापासून सुटका. कृपा म्हणजे लायकी नसताना देवाकडून मिळालेलं. चौथा शब्द साक्ष. मराठीत हा एकच शब्द कोर्टातही चालतो आणि चर्चमध्येही: कोर्टात जे पाहिलं ते सांगायचं, चर्चमध्ये देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं. या कादंबऱ्यांत एकच पात्र दोन्ही ठिकाणी साक्ष देतं आणि एका ठिकाणी काहीतरी लपवतं, असं बरेचदा घडतं. कुठे काय सांगितलं आणि काय गाळलं, ते ताडून बघा.

दुसरी पायरी: प्रोफायलरचं खरं काम समजून घ्या

एफबीआयमध्ये ‘प्रोफायलर’ नावाचं पदच नाही. हे काम बिहेवियरल अनॅलिसिस युनिटमधले अनुभवी स्पेशल एजंट करतात. त्याचं मूळ १९७२ साली व्हर्जिनियातल्या क्वांटिको इथे सुरू झालेल्या बिहेवियरल सायन्स युनिटमध्ये आहे. पुढे रॉबर्ट रेसलर आणि जॉन डग्लस हे एजंट तुरुंगात जाऊन गुन्हेगारांशी बोलू लागले. ॲन बर्जेस या परिचारिका आणि संशोधक त्यांच्याबरोबर आल्या, तेव्हा त्या गप्पांना नीट संशोधनाची शिस्त आली. लैंगिक हेतूने खून केलेल्या ३६ जणांच्या मुलाखतींवर त्यांचं मूळ काम उभं आहे. ३६ हा आकडा लक्षात ठेवा. कादंबरीतली नायिका ‘असे लोक नेहमी असंच करतात’ म्हणते तेव्हा तो उपयोगी पडतो: ‘नेहमी’ म्हणायला ही माणसं फार थोडी आहेत.

दुसरी महत्त्वाची गोष्ट हद्दीची. अमेरिकेत खून हा सहसा राज्याचा गुन्हा असतो, म्हणून तपास स्थानिक पोलिसांकडे किंवा काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) पोलिसप्रमुखाकडे, म्हणजे शेरिफकडे असतो. शेरिफ बहुतेक ठिकाणी निवडून येतो, तेव्हा त्याला मतदारांचाही धाक असतो. एफबीआय विनंतीवरून सल्ला आणि मदत देतं. मालिका-खुनांचा तपास स्थानिक यंत्रणेच्या विनंतीवरून एफबीआयला करता यावा यासाठी १९९८ साली कायदाही झाला, आणि त्यात मालिका म्हणजे किमान तीन खून असं धरलं आहे. म्हणूनच कादंबरीत तिसऱ्या मृतदेहाला इतकं वजन असतं. नायिका एकटीच पिस्तूल घेऊन अंधाऱ्या गोदामात शिरते तेव्हा तो कथेचा सोस समजा. ती शेरिफच्या ऑफिसात परकी म्हणून बसलेली असते आणि कुणी तिला कॉफीही विचारत नाही, ते मात्र खऱ्याच्या जवळचं आहे. तो ताण नीट वाचा. गावातलं कोण तिला मदत करतंय आणि का, हे तिथे कळतं.

तिसरी पायरी: वहीची दोन पानं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वही उघडा. डावं पान फक्त दिसलेल्या गोष्टींसाठी, उजवं पान अंदाजांसाठी. कादंबरीतलं पात्र अंदाज करत असेल तर तोही उजवीकडे, आणि पुढे त्या पात्राचं नाव.

समजा, तिसऱ्या प्रकरणात असा प्रसंग आहे. एका बाईचा खून झालाय. मागच्या दाराची काच फुटलीय आणि तुकडे बाहेरच्या पायरीवर पडलेत. ड्रॉवर ओढून पालथे केलेत, पण पैशांचं पाकीट टेबलावर जिथल्या तिथे आहे. बाईच्या अंगावर चादर आहे, चेहऱ्यापर्यंत ओढलेली. सिंकजवळ दोन कप: एकात तळाशी कॉफी वाळलीय, दुसरा धुऊन पालथा घातलाय.

हे सगळं डाव्या पानावर, याच शब्दांत. ‘चोरी’ हा शब्द डावीकडे येता कामा नये, कारण चोरी कुणी पाहिलेली नाही.

आता उजवं पान. तुकडे बाहेर आहेत, म्हणजे काच बहुधा आतून फोडलीय. पाकीट तसंच आहे. दोन्ही मिळून चोरीचा बनाव. तपासात बनावाला फार महत्त्व असतं, कारण जो माणूस बाईला नुसता अनोळखी असता, त्याला सहसा बनाव करायची गरजच पडली नसती. आपल्याकडे बोट दाखवलं जाईल अशी भीती असलेलाच तो करतो. दुसरा कप धुतलाय, तो पुरावा पुसण्यासाठी असेल. गुन्हा पार पाडण्यासाठी किंवा सुटण्यासाठी जे केलं जातं, ती गुन्ह्याची पद्धत, आणि ती अनुभवाने बदलते. झाकलेला चेहरा वेगळा. त्याने खुनाला मदत होत नाही आणि सुटकेलाही नाही. ती खुन्याच्या मनाची गरज आहे. अशा कृतीला प्रोफायलर सिग्नेचर म्हणतात. चेहरा झाकणं हे बरेचदा ओळखीचं किंवा पश्चात्तापाचं लक्षण मानलं जातं.

इथे थांबा आणि प्रत्येक अंदाजापुढे एक दुसरं कारण लिहा. चेहरा खुन्यानेच झाकला कशावरून? मृतदेह पहिल्यांदा पाहणाऱ्या शेजारणीनेही झाकला असेल. कप त्या बाईनेच सवयीने धुतला असेल. हे दुसरं कारण लिहायचा कंटाळा करू नका. कादंबरीतली कलाटणी बहुतेक वेळा याच दुसऱ्या कारणात दडलेली असते.

चादरीपाशीच दुसरा तपासही सुरू होतो. पश्चात्ताप हा प्रोफायलरचा शब्द आहे तसा पाळकाचाही. प्रोफायलरला पश्चात्तापातून खुन्याचा बाईशी असलेला संबंध दिसतो. पाळकाला त्यात अजून पूर्ण न मेलेला माणूस दिसतो. पुढे कुठल्या तरी पानावर नायिकेला या दोन अर्थांमध्ये उभं राहावंच लागतं. त्या पानाचा क्रमांक वहीत हमखास टिपा.

चौथी पायरी: आपलं प्रोफाइल लिहा आणि झाकून ठेवा

एक तृतीयांश पुस्तक झालं की थांबा. खुनी कोण असेल याचं चार ओळींचं वर्णन लिहा: साधारण वय, बळींशी संबंध, कामधंदा, कुठली गोष्ट त्याला भडकवते. नाव लिहू नका. नाव लिहिलं की पुढचा प्रत्येक धागा आपण त्याच माणसाला बांधत जातो. खऱ्या तपासातही हीच चूक महागात पडते.

न्यूयॉर्कमध्ये १९४० पासून अधूनमधून बॉम्ब पेरणाऱ्या माणसाचं वर्णन जेम्स ब्रसेल या मनोविकारतज्ज्ञाने १९५६ साली केलं. पकडला जाईल तेव्हा त्याच्या अंगात बटणं लावलेला डबल-ब्रेस्टेड कोट असेल, असं त्यांनी सांगितल्याची गोष्ट प्रोफायलिंगच्या इतिहासात कायम येते. जॉर्ज मेटेस्कीला जानेवारी १९५७ मध्ये पकडलं ते मात्र ज्या वीज कंपनीवर त्याचा राग होता, तिथल्या ॲलिस केली या कर्मचारी बाईने जुन्या फायली चाळून त्याचं नाव शोधल्यामुळे. २००२ साली वॉशिंग्टनच्या परिसरात गोळीबार करून दहा जणांना ठार मारणारा एकटा गोरा माणूस असावा, असं टीव्हीवर अनेक जाणकार सांगत होते, आणि पोलिस पांढरी व्हॅन शोधत होते. निघाले दोघे, दोघेही कृष्णवर्णीय, निळ्या शेव्हरले कॅप्रिसमध्ये. ब्रिटनमध्ये १९९२ च्या एका खुनात प्रोफाइलच्या आधारे एका निरपराध माणसासाठी सापळा रचला गेला. न्यायाधीशांनी १९९४ साली तो पुरावा फेटाळला, आणि २००८ मध्ये दुसऱ्याच माणसाने कोर्टात त्या गुन्ह्याची कबुली दिली.

म्हणून कादंबरीतली प्रोफायलर कधी चुकते आणि चुकल्यावर काय करते, हे मी फार बारकाईने बघतो. ख्रिस्ती कादंबरीत त्या चुकीला आणखी एक बाजू असते. तिने एका निरपराध माणसाबद्दल मनात निवाडा केलेला असतो, आणि आता तिला त्याच्यापुढे जाऊन माफी मागायची असते. जिथे लेखकाने हा प्रसंग टाळला, तिथे पुढच्या सगळ्या क्षमेच्या गोष्टी मला पोकळ वाटतात.

पाचवी पायरी: खुन्याची प्रकरणं वाचताना क्रियापद सांभाळा

मधूनमधून तिरक्या टायपात खुन्याच्या मनातलं एखादं पान येतं, ‘मी’ या सर्वनामात. ही पुस्तकं बहुतांश इंग्रजीत असतात, आणि मराठी वाचकाची फसगत नेमकी इथे होते. इंग्रजीतल्या ‘मी’च्या क्रियापदाला लिंग नसतं. मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ यातलं एक निवडावंच लागतं. वाचता वाचता डोक्यात मराठी होत असतं, आपण नकळत ‘गेलो’ म्हणतो आणि गावातल्या निम्म्या माणसांना संशयातून सोडून देतो. मी यात दोनदा फसलो आहे. आता त्या पानांचा सारांश मी ‘जाणं झालं’, ‘दार उघडलं गेलं’ असा अवघडलेल्या भाषेत वहीत लिहितो. दिसायला वेडंवाकडं दिसतं, पण काम करतं.

सहावी पायरी: वचन आलं की अख्खा अध्याय उघडा

खुनी मृतदेहाजवळ बायबलमधलं वचन सोडून जातो, हा या प्रकारातला फार वापरलेला धागा आहे. नायिकेला धीर देणारी वचनंही असतातच. वचन दिसलं की पुस्तक बाजूला ठेवा आणि मराठी पवित्र शास्त्रात तो भाग मागचा-पुढचा धरून वाचा. दहा मिनिटं लागतात.

उदाहरणार्थ, चिठ्ठीत ‘डोळ्याबद्दल डोळा’ आहे. हे बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात नियमशास्त्राचा, म्हणजे इस्राएल लोकांना दिलेल्या कायद्याचा, भाग म्हणून येतं. एका डोळ्याबद्दल एकच, त्याहून जास्त नाही, अशी ती शिक्षेची मर्यादाही आहे. मत्तयच्या ५व्या अध्यायात येशू हेच शब्द उच्चारतो आणि पुढे दुष्टाला प्रतिकार न करण्याचं, दुसरा गाल पुढे करण्याचं सांगतो. म्हणजे चिठ्ठी लिहिणारा मर्यादेलाच परवाना समजतोय, किंवा मत्तयपर्यंत पोहोचून मुद्दाम थांबलाय. दोन्ही माणसं वेगळी. पहिल्याने ते कुठेतरी ऐकलंय, दुसरा चर्चमध्ये वाढलाय आणि चिडून बाहेर पडलाय. उजव्या पानावर याहून चांगली नोंद क्वचितच मिळते.

नायिकेच्या घरातच गुन्हेगार असणं हाही इथला लाडका विषय आहे: बाप खुनी, मुलगी खुन्यांच्या मागावर. अशी कादंबरी हातात असेल तर यहेज्केलचा १८वा अध्याय वाचून ठेवा. बापाच्या दुष्कर्माचा भार मुलाने वाहायचा नाही, असं तिथे स्वच्छ सांगितलं आहे. नायिकेला हे वचन पाठ असतं आणि तरी रात्री पटत नाही. चांगला लेखक तिचं ते न पटणं घाईने मिटवत नाही.

सातवी पायरी: प्रार्थना तपासा

प्रार्थनेची पानं आता गाळायची नाहीत, पण डोळे मिटून स्वीकारायचीही नाहीत. मी एकच कसोटी लावतो: प्रार्थनेनंतर काय बदललं? नायिका गाडीत बसून प्रार्थना करते आणि लगेच तिच्या मनात खुन्याचा पत्ता उमटतो, तर लेखकाने तपास देवाच्या गळ्यात मारला. वाचकाशीही तो अन्याय आणि श्रद्धेशीही. पण ती त्याच गाडीत स्टीअरिंगवर हात ठेवून बसते, संशयिताला चिरडायची तिची इच्छा तिलाच दिसते, आणि मग आत जाऊन ती त्याला पाणी देते, खुर्ची पुढे सरकवते आणि पहिला प्रश्न त्याच्या आईबद्दल विचारते. त्या प्रश्नावर तो बोलू लागतो. इथे प्रार्थनेने माणूस बदलला आणि बदललेल्या माणसाने तपास पुढे नेला.

ज्यांची श्रद्धा वेगळी आहे किंवा नाहीच, त्यांनाही ही कसोटी लावता येते.

आठवी पायरी: शेवट सावकाश वाचा

खुनी सापडल्यावर साधारण वीस-तीस पानं उरतात. बहुतेक लोक ती धावत संपवतात. मला तिथे लेखक सगळ्यात उघडा पडलेला दिसतो, कारण आता क्षमेचा हिशेब होतो. क्षमा म्हणजे शिक्षा माफ, असा घोळ झाला असेल तर पुस्तक तिथेच पडतं.

१७ जून २०१५ रोजी अमेरिकेतल्या चार्ल्स्टनच्या एका कृष्णवर्णीय चर्चमध्ये बायबल अभ्यासाला बसलेल्या नऊ जणांना एका तरुणाने गोळ्या घातल्या. दोन दिवसांनी त्याला न्यायालयापुढे उभं केलं, तेव्हा मृतांच्या काही नातेवाइकांनी त्याला क्षमा करत असल्याचं सांगितलं. सगळ्यांनी नाही. खटला चाललाच, आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याला मृत्युदंड सुनावला गेला. क्षमा आणि न्याय आपापल्या वाटेने शेजारी शेजारी गेले. कादंबरीच्या शेवटी मी हेच शोधतो: कुणी क्षमा केली, कुणाला जमली नाही, आणि न जमलेल्या माणसाला लेखकाने दोषी ठरवलं का? ठरवलं असेल तर ते मला मान्य नाही. मुलगी गमावलेल्या बापाला अडीचशेव्या पानावर क्षमा जमली नाही, तर त्याला तसंच राहू द्यावं.

याच पानांसोबत उत्पत्तीचा ४था अध्याय वाचा. पहिला खून, आणि त्यावरची पहिली चौकशी: तुझा भाऊ हाबेल कोठे आहे? हाबेलला मारणाऱ्या भावाला, काइनाला, शिक्षा होते, तो परागंदा होतो. पण त्याला कुणी ठार मारू नये म्हणून देव त्याच्यावर खूणही करतो. खुन्याला शिक्षाही आणि संरक्षणही, एकाच अध्यायात. या प्रकारातल्या किती कादंबऱ्या याच जागेवर उभ्या आहेत, ते एकदा हा अध्याय मनात ठेवून वाचलं की दिसू लागतं.

शेवटी झाकून ठेवलेलं आपलं प्रोफाइल काढा. काय जुळलं ते बघायला एक मिनिट पुरतं. काय चुकलं त्यावर जास्त वेळ घालवा आणि ती चूक कुठल्या पानावर झाली, ते वहीत मागे जाऊन शोधा. मग कादंबरीतलं खुन्याचं पहिलं तिरक्या टायपातलं पान पुन्हा काढून मोठ्याने वाचा, या वेळी माणूस कोण हे माहीत असताना.